ट्रॉम्सो ते लाँगियरब्येन: अंतर किती, आणि वेळ नक्की कुठला धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी संशोधनाच्या कामासाठी स्वालबार्डला निघाली आहे. नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळचं ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड बेटांवरचं लाँगियरब्येन यांच्यातलं हवाई अंतर एका संकेतस्थळावर ९५८ किलोमीटर दिसतं, वेळ १ तास ९ मिनिटं. दुसऱ्या संकेतस्थळावर तेच अंतर ९६१ किलोमीटर. तिकिटावर मात्र वेळ १ तास ४० मिनिटं. आणि भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली तर हे अंतर मुंबई–दिल्लीच्या तिप्पट भरतं. यातलं खरं काय, आणि लाँगियरब्येनहून पुढे नी-ओलेसुन या संशोधकांच्या वस्तीला जाणारं छोटं विमान गाठायला मध्ये किती तास ठेवावेत?

आधी थेट उत्तर देतो. अंतर ९६१ किलोमीटर धरा. वेळ तिकिटावरचा धरा, संकेतस्थळावरचा नको. आणि शेवटच्या प्रश्नात तासांचा हिशेब सोडा, लाँगियरब्येनला एक रात्र मुक्काम धरा. मी विमान कंपनीत उड्डाण नियोजनाचं काम बरीच वर्षं केलं आहे. विमान सुटण्याआधी मार्ग, इंधन, हवामान आणि पर्यायी विमानतळ ठरवणारा जो डिस्पॅचर असतो, तोच मी. या मार्गावर किलोमीटर मोजणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. तुमचं घड्याळ बिघडवतात त्या गोष्टी वेगळ्याच.

नकाशाचं कोडं पहिलं सोडवू. शाळेच्या भिंतीवर असतो तो जगाचा नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा. त्यात रेखावृत्तं एकमेकांना समांतर उभी काढलेली असतात. प्रत्यक्षात ती ध्रुवाकडे जाताना जवळ येत एका बिंदूत मिळतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. ट्रॉम्सोच्या अक्षांशावर तेच ३८-३९ किलोमीटर उरतं, लाँगियरब्येनला जेमतेम २२-२३. नकाशा हे आकसलेपण दाखवत नाही, उलट पूर्व-पश्चिम ताणतो आणि आकार बिघडू नयेत म्हणून उत्तर-दक्षिणही तेवढंच ताणतो. ७४ अंश उत्तरेला हा ताण साडेतीन पटींच्या वर जातो. मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे, म्हणजे ट्रॉम्सो–लाँगियरब्येन त्याहून जवळच. तरी त्या नकाशावर पट्टीने मोजलं तर उत्तरेकडची रेघ खरोखरच तिपटीच्या आसपास भरते. तुमची पट्टी बरोबर आहे, कागद फसवतो. उत्तरेकडचं काहीही पाहायचं असेल तर पृथ्वीगोल घ्या, किंवा नकाशाच्या ॲपमध्ये गोलाचं दृश्य चालू करा.

आता ९५८ की ९६१. दोन्ही आकडे चूक नाहीत. पहिल्या संकेतस्थळाने पृथ्वी अगदी गोल धरली आहे, त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. दुसऱ्याने ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे लक्षात घेतलं आहे. चपटेपणामुळे ध्रुवाजवळ पृथ्वीची वक्रता कमी, त्यामुळे तिथला एक अंश अक्षांश लांब भरतो: विषुववृत्ताजवळ ११०.६ किलोमीटर, तर या पट्ट्यात १११.६. आपला मार्ग साडेआठ अंशांहून जास्त उत्तरेकडे चढतो, म्हणून फरक साठत जाऊन तीन-साडेतीन किलोमीटरचा होतो. विमानाला त्याने काही फरक पडत नाही, वीस सेकंदही नाहीत. आमच्या कागदांवर हे अंतर नॉटिकल मैलांत येतं, सुमारे ५१९.

इथे लोकांना हटकून आठवतो तो कमानीचा मार्ग. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान नकाशावर उत्तरेकडे वळण घेताना दिसतं, मग इथेही विमान वाकडं जात असेल का? नाही. ट्रॉम्सो १९ अंश पूर्व रेखांशाच्या जवळ आहे आणि लाँगियरब्येन साडेपंधरा अंशांवर. म्हणजे मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेला, जेमतेम चार-पाच अंश पश्चिमेकडे झुकलेला. उत्तर-दक्षिण मार्गावर सरळ रेघ आणि कमान एकच असते. कमानीचा खेळ पाहायचा असेल तर लाँगियरब्येनहून अलास्काच्या उत्तर टोकाचं उटकियाविक घ्या. ध्रुवाजवळून गेलं तर ते अंतर सुमारे ३,३८० किलोमीटर. कंपासवर एकच दिशा धरून, नकाशावर सरळ दिसेल असं गेलं तर ५,००० किलोमीटरच्या घरात. या दोन ठिकाणांमध्ये नेमाने जाणारं विमान कोणतंच नाही. पण अंतर काढून देणाऱ्या संकेतस्थळांना त्याचं काही नसतं, ती कुठल्याही दोन विमानतळांमध्ये रेघ ओढतात आणि खाली तास-मिनिटं छापतात. दुर्गम विमानतळांबाबत ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: आकडा आला म्हणजे विमान आहे असं नाही. ट्रॉम्सो–लाँगियरब्येनचं नशीब चांगलं, इथे वर्षभर प्रवासी विमानं जातात. एसएएस आणि नॉर्वेजियन या दोन कंपन्यांची नावं तुम्हाला स्वालबार्डच्या तिकिटांवर दिसतील.

वेळेकडे येतो. १ तास ९ मिनिटं हा आकडा कुठून आला ते सांगता येतं. ९६१ किलोमीटरला ताशी ८३० ने भागलं की तेवढंच येतं. ८३० हा बोइंग ७३७ किंवा एअरबस ३२० चा वर गेल्यावरचा, शांत हवेतला वेग आहे. पण विमान धावपट्टीवरून उठताच त्या वेगाने जात नाही. चढायला वीसेक मिनिटं लागतात, उतरायला जवळपास तेवढीच, आणि त्या काळात वेग कमी असतो. शिवाय उड्डाणानंतर ठरलेल्या वाटेने वळणं घ्यावी लागतात, उतरताना धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. हे सगळं धरून चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत सव्वा तास ते दीड तास होतो. तिकिटावरचा वेळ याहूनही वेगळा. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो: विमान उभ्या जागेवरून हललं तेव्हापासून पोहोचल्यावर जागेवर थांबेपर्यंत. त्यात दोन्हीकडचं टॅक्सी करणं, म्हणजे विमानाचं जमिनीवरून हळू चालणं येतं, आणि कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली थोडी सवडही. विमान वेळेआधी पोहोचलं असं वैमानिक आनंदाने सांगतो, तेव्हा बहुतेकदा हीच सवड वापरायची राहून गेलेली असते.

दोन्ही ठिकाणांचं घड्याळ एकच आहे, त्यामुळे तिकिटावरच्या वेळांची सरळ वजाबाकी चालते. हे सगळीकडे चालत नाही. कॅनडाच्या उत्तरेत इकालुइट आणि रेझोल्यूट यांच्या घड्याळांत एक तासाचा फरक आहे. तिकीट वाचताना तिथे माणसं फसतात.

वाऱ्याचं काय? पन्नास नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ९३ किलोमीटरचा वारा समोरून आला तर वरच्या टप्प्याचा हिशेब ६९ मिनिटांवरून ७८ वर जातो, पाठीमागून आला तर ६२ वर उतरतो. म्हणजे जाण्यायेण्यात पाव तासाचा फरक पडू शकतो. पण वरचे जोरदार वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात आणि हा मार्ग उत्तर-दक्षिण, त्यामुळे वारा जास्त करून बाजूने लागतो. मुंबई–लंडनसारखा जाता-येता दीड-दोन तासांचा फरक इथे पाहायला मिळत नाही. थंडीचा परिणाम मात्र गंमतशीर आहे. जेट विमान ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात चालवतात, ७३७ साधारण ०.७८ पट. हवा जितकी थंड तितका ध्वनी मंद. उणे ५६ अंशांत हा वेग ताशी ८२८ किलोमीटर भरतो, हिवाळ्यात वरची हवा उणे ७० ला गेली तर ८०० च्या आसपास. दोन मिनिटं गेली. पण प्रवाशाला दोन मिनिटांचं दुःख नको, कारण ध्रुवाकडे हवामान घडवणारा थर आठ-नऊ किलोमीटरवरच संपतो आणि विमान त्याच्यावर, शांत हवेत असतं. चहा सांडत नाही.

आता खरा मुद्दा. डिस्पॅचरला या मार्गाचा कागद हातात आला की पहिला प्रश्न पडतो: लाँगियरब्येनला उतरता आलं नाही तर कुठे?

मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबाद आहे, गोवा आहे, हैदराबाद आहे. लाँगियरब्येनच्या आसपास मोठ्या जेटला टेकायला जागाच नाही. नी-ओलेसुनची धावपट्टी ८०० मीटरच्या आसपास, खडीची. वाटेत साधारण मध्यावर बेअर बेट लागतं, तिथे हवामान केंद्र आहे पण विमानतळ नाही. म्हणजे पर्याय म्हणून पुन्हा नॉर्वेची मुख्य भूमीच: ट्रॉम्सो, अल्टा, लाकसेल्वचं बानाक. सगळी ९०० किलोमीटरच्या पुढे. त्यामुळे १ तास ४० मिनिटांच्या प्रवासाला निघालेलं विमान टाकीत जाण्याचं आणि परत येण्याचं असं दोन्हीचं इंधन भरून निघतं. त्यावर मार्गातल्या अनपेक्षित गोष्टींसाठी साधारण पाच टक्के, आणि शेवटी हात न लावण्याचं अर्ध्या तासाचं राखीव. ७३७ तासाला अडीच टनांच्या आसपास जाळतं, तेव्हा पोहोचतानाही विमानात भरपूर वजन शिल्लक असतं. ते वजन घेऊन उतरायचं असतं लाँगियरब्येनच्या सुमारे अडीच किलोमीटर लांब धावपट्टीवर, आणि ती बर्फाळ असेल तर थांबायला लागणारं अंतर वाढतं. बाजूचा वारा असेल तर आणखी अट. मग कधी कधी हिशेब असा येतो की इंधन हवंच, धावपट्टी निसरडी आहेच, म्हणून माल कमी करा. मागे राहिलेली बॅग अनेकदा अशीच राहिलेली असते, कुणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. मुलीला औषधं, चार्जर आणि एक गरम कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.

वाटेत वैमानिक दोन्ही टोकांचं हवामान घेत राहतात. मधला एक बिंदू काढलेला असतो, जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो. वारा नसेल तर तो बरोबर मध्यावर, समोरून वारा असेल तर लाँगियरब्येनकडे सरकलेला. अडचण अशी की लाँगियरब्येनचं हवामान त्या बिंदूवर चांगलं असतं आणि पोहोचेपर्यंत फ्योर्डवर, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीवर, ढग उतरतात किंवा हिमवर्षाव सुरू होतो. मग विमान डोक्यावर जाऊन, थोडं थांबून, परत ट्रॉम्सोला. प्रवासी तीन-साडेतीन तासांनी जिथून निघाले तिथेच उतरतात. याला कंपनीचा ढिसाळपणा म्हणणारे भेटतात. माझ्या मते हा या मार्गावर झालेला सगळ्यात शहाणा निर्णय असतो, कारण ती सोय निघण्याआधीच पैसे मोजून टाकीत भरलेली असते.

लाँगियरब्येनला उतरणं कठीण का, याचं उत्तर तिथल्या डोंगरांत आहे. विमानतळ फ्योर्डच्या काठावर, गावापासून पाचेक किलोमीटरवर, सप्टेंबर १९७५ मध्ये राजे पाचवे ओलाव यांनी उद्घाटन केलेला. धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधली आहे. उन्हाळ्यात वरचा थर वितळला की जमीन हलते आणि पृष्ठभाग पुन्हा पुन्हा नीट करावा लागतो. सर्वांसाठी खुली असलेली नियमित प्रवासी विमानं जातात असा याच्याहून उत्तरेला दुसरा विमानतळ नाही. २९ ऑगस्ट १९९६ ला मॉस्कोहून आलेलं व्नुकोव्हो एअरलाइन्सचं टुपोलेव्ह १५४ उतरताना मार्ग सोडून ओपेराफ्येल डोंगरावर आदळलं आणि सगळेच्या सगळे १४१ जण गेले. प्रवाशांत बहुतेक खाणकामगार आणि त्यांच्या घरचे होते. नॉर्वेच्या भूमीवरचा तो सर्वांत मोठा विमान अपघात. अजूनही इथे नियंत्रक विमानाला उतरण्याचा आदेश देत नाही. मनोऱ्यातून माहिती मिळते, आणि धावपट्टी मोकळी आहे हे कळल्यावर निर्णय वैमानिकाचा.

त्यात थंडीची भर. विमानातला उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो आणि हवा अमुक इतकी उबदार आहे असं गृहीत धरतो. थंड हवा दाटलेली असते, त्यामुळे विमान दाखवतं त्याहून खाली असतं. जमिनीवर उणे २० अंश असताना विमानतळापासून २,००० फुटांवर आहोत असं दिसलं तर प्रत्यक्षात सुमारे २८० फूट कमी असतात. डोंगरांच्या मधून उतरताना हा फरक सोसण्यासारखा नाही, म्हणून वैमानिक तक्त्यातून आकडा काढून उंची वाढवून घेतात. हे नेहमीचं काम आहे, भीती वाटायचं कारण नाही.

ट्रॉम्सोच्या बाजूला वेळ खाणाऱ्या दोन गोष्टी आहेत. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायला डी-आयसिंगच्या गाडीची रांग लागते. औषध फवारल्यावर त्याचा परिणाम ठरावीक मिनिटंच टिकतो, तेवढ्यात उडायला मिळालं नाही तर पुन्हा फवारणी. दुसरी गोष्ट पासपोर्टची. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातून प्रवाशांना ट्रॉम्सोला हातातल्या सामानासकट खाली उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. मुलगी तशा विमानाने जात असेल तर ट्रॉम्सोत झोपून राहण्याचा बेत नको.

यातूनच भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना निघते, आणि ती अंतराच्या कुठल्याच संकेतस्थळावर सापडत नाही. स्वालबार्डला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, पण जाता-येता नॉर्वेतून जावं लागतं. लाँगियरब्येनला गेलं की शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा हवा. एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीचा रस्ता बंद. अर्ज करतानाच हे पाहून घ्या.

आता नी-ओलेसुन. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र तिथे १ जुलै २००८ ला सुरू झालं आणि ते चालवणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आपल्या शेजारी, गोव्यात वास्कोला आहे. स्वालबार्डच्या १९२० च्या करारावर सही करणाऱ्यांत ब्रिटिश राजवटीतला भारतही होता, हे अनेकांना माहीत नसतं. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं हिवाळ्यातही हिमाद्रीवर राहू लागली, म्हणजे जेव्हा दिवसभर सूर्य उगवतच नाही तेव्हासुद्धा. लाँगियरब्येन ते नी-ओलेसुन अंतर सुमारे ११० किलोमीटर, पण रस्ता नाही. लुफ्तट्रान्सपोर्ट कंपनीचं डॉर्नियर २२८ पंचवीसेक मिनिटांत पोहोचवतं. हेच विमान परवान्याखाली आपल्याकडे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स बनवते. विमान लहान, जागा मोजक्या, सामानाच्या वजनाचा हिशेब काटेकोर. जेटला चालणाऱ्या ढगांत आणि वाऱ्यात ते कित्येकदा थांबून राहतं, आणि त्याच्या फेऱ्याही रोज हव्या तेव्हा नसतात.

म्हणून तासांचा हिशेब करू नका म्हणालो. जेट उशिरा आलं किंवा ट्रॉम्सोला परत गेलं तर छोटं विमान थांबत नाही. आणि छोटं विमान रद्द झालं तर पुढची फेरी दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून नंतर. संस्थेच्या मोहिमेतून जात असेल तर विमानातली जागा आणि मुक्काम बहुधा तीच पाहते, मुलीने फक्त स्वतः काढलेली तिकिटं त्या वेळापत्रकाला जुळवायची. जाताना लाँगियरब्येनला किमान एक रात्र. परतताना मी तर दोन ठेवीन, कारण तेव्हा पुढे ऑस्लोहून भारताचं लांब पल्ल्याचं तिकीट असतं आणि ते हुकलं तर भुर्दंड मोठा. शक्य असेल तर ट्रॉम्सो, ऑस्लो आणि पुढचा प्रवास एकाच बुकिंगवर काढा. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान चुकलं की दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं.

एक शेवटचं, घरच्यांसाठी. नी-ओलेसुनला पोहोचल्यावर मुलीचा फोन लागला नाही तर घाबरू नका. तिथे अवकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत मोजणारी उपकरणं आहेत, म्हणून गावात आणि आसपासच्या वीस किलोमीटरमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. संपर्क होतो तो तारेने जोडलेल्या इंटरनेटवरून. पोहोचल्याचा निरोप लाँगियरब्येनहूनच पाठवायला सांगा, आणि पुढचा निरोप ती संगणकासमोर बसेल तेव्हा येईल असं धरून चाला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेतीन.